मिरची कांडपातली सुरक्षा: तीस वर्षांचा मागोवा

भोकरदन तालुक्यात मिरचीचा विषय निघाला की पिंपळगाव रेणुकाईचे नाव आधी येते. धावडा हे गावही त्याच पट्ट्यातले. अशा गावांत अन्नप्रक्रिया म्हणजे पिठाची गिरणी, मिरची कांडप, फार तर मसाल्याची पाकिटे भरणारा बचतगट. शाळेने ‘डोक्याने कमी’ ठरवलेल्या मुलाला आईबाप ओळखीच्या गिरणीवाल्याकडे नेतात आणि म्हणतात, “याला काहीतरी शिकवा, भाऊ.”

यांतली काही मुले स्वमग्न असतात, काहींना अध्ययन अक्षमता किंवा एडीएचडी (अवधान कमी, चंचलता जास्त) असते. ही मुले कायद्यालाही उशिराच दिसली. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आले आणि त्यांत स्वमग्नतेसोबत अध्ययन अक्षमतेलाही जागा मिळाली. एडीएचडीला स्वतंत्र जागा तेव्हाही मिळाली नाही.

सुरक्षेचे कायदे वेगळ्याच वाटेने गेले. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाने अधिनियमात कामगाराला सुरक्षेचे प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क आला. पण विजेवर चालणारा कारखाना ठरायला मूळ कायद्यात किमान 10 कामगारांची अट होती. दोन माणसांचे कांडप त्यात बसणार कसे? 2017 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘फॉस्टॅक’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. परवानाधारक उद्योगात 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी ती योजना. पर्यवेक्षक शिकून येतो; पुढे कामगाराला काय आणि कसे पोचते, हे त्याच्यावरच सोडलेले. अपंगत्वाचा कायदा आणि सुरक्षेचा कायदा कामाच्या जागी एकमेकांना भेटलेच नाहीत, ही या तीस वर्षांतली सर्वांत मोठी उणीव मला वाटते.

कांडप सुरू झाले की आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिखटाची धूळ नाकाडोळ्यांत जाते. आवाज सहन न होणारा स्वमग्न तरुण अशा वेळी ओरडून दिलेली सूचना घेऊच शकत नाही. ‘जपून कर’ म्हणजे नेमके काय करायचे, तेही त्याला उमगत नाही. त्याला यंत्र बंद असताना शिकवावे. यंत्राच्या पट्ट्यापासून जितके लांब उभे राहायचे, तिथे जमिनीवर पिवळी रेघ ओढावी. बटण बंद, चाक थांबले, मग झाकण, या क्रमाची त्याच यंत्राची छायाचित्रे समोर लावावीत. रोज तोच क्रम, तोच शिकवणारा. मास्क बोचत असेल तर दुसऱ्या कापडाचा द्यावा. पण मास्क सुटता कामा नये.

मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टने 2018 मध्ये ‘कॅफे अर्पण’ सुरू केले. तिथे स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसे स्वयंपाकघरात काम करतात. तिथली रीत खेड्यातही पेलणारी आहे: कामाचे लहान टप्पे पाडायचे आणि ज्याला जे जमते ते त्याच्याकडे द्यायचे. खर्च फारसा नाही, वेळ मात्र लागतो. शिकवून झाल्यावर ‘समजले का?’ विचारू नये, कारण घाबरलेला मुलगा मान हलवतो. यंत्र कसे थांबवायचे ते त्यालाच करून दाखवायला सांगावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगावे.