बरगंडीचे सौम्य चढ आणि अण्णांची साखर

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात सायकलीने सहा दिवस फिरून आलो, असे सांगितले की मंडळी प्रथम विचारतात, "चढ फार होते का हो?" तसे फार नव्हते. आल्प्स पर्वत तिथून पुष्कळ लांब, पूर्वेला. इकडची जमीन म्हणजे नुसत्या हिरव्या लाटा. एक टेकडी चढावी, उतरावी, खालचा ओढा ओलांडावा की दुसरी टेकडी पुढे उभी. दिसायला अगदी सौम्य. ह्या सौम्यपणानेच आम्ही फसलो.

आम्ही तिघे होतो. आम्ही उभयता आणि आमचे थोरले बंधू. त्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचे वय ६३. त्यांना आठ वर्षे मधुमेह आहे आणि ते रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. सायकल त्यांना नवी नव्हे, नोकरीची सारी वर्षे ते बेळगावात सायकलीवरच हिंडले. त्यामुळे त्यांची काळजी करावी असे आम्हाला वाटले नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात सोन नदीकाठच्या शालों शहरात आम्ही भाड्याने सायकली घेतल्या. पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले, आणि त्याचे कारण आगगाडी. जिव्रीपासून क्लूनीपर्यंत पूर्वी रेल्वेचा फाटा होता. तो बंद पडल्यावर रूळ काढून १९९७ साली तिथे सायकलवाल्यांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी ४४ किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता केला. अशा रस्त्याला तिकडे 'हिरवी वाट' म्हणतात, आणि देशातली अशी ही पहिली वाट. वाफेच्या इंजिनाला मोठा चढ झेपत नसे, म्हणून रेल्वे नेहमी डोंगराच्या कडेकडेने, दरीतून वळसे घेत जाते. ते सारे कष्ट जुन्या इंजिनियरांनी आपल्यासाठी करून ठेवले आहेत. मोटारीचा त्रास नाही, चढ जाणवत नाही, आणि जुनी स्टेशने अजून जागच्या जागी उभी.

जिव्री आणि ब्युक्सीच्या आसपास द्राक्षमळे आहेत. तोडणी चालू होती. वेली गुडघ्यापासून कमरेपर्यंत, तारेवर बांधलेल्या, त्यामुळे तोडणाऱ्याला दिवसभर वाकून राहावे लागते. आपल्या नाशिक-सांगलीचा मांडव पाहिलेल्याला त्या वेली अगदीच बुटक्या वाटतात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच, वेलीचे मूळ एका जातीचे आणि वरचे डोळे दुसऱ्या जातीचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा अमेरिकन खुंटावर कलम करूनच ते पुन्हा उभे राहिले. आपले शेतकरी डॉगरिज खुंट वापरतात ते मुख्यतः क्षार आणि पाण्याची टंचाई यांसाठी, तो खुंटही अमेरिकन वंशाचाच.

वाटेवर कोर्मातांचा सतराव्या शतकातला वाडा लागला. पुढे तेझे गाव. ब्रदर रॉजर १९४० साली ह्या गावी आले आणि इथल्या बंधुसंघाला सुरुवात झाली. टेकडीवर देशोदेशीची तरुण मुले तंबू ठोकून राहिलेली पाहिली. त्याच्या दक्षिणेला क्लूनी. इथला मठ ९१० सालचा. त्याचे तिसरे मंदिर १०८८ मध्ये बांधायला घेतले, आणि रोमचे नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे मंदिर नव्हते. राज्यक्रांतीनंतर ते विकले गेले आणि दगडांसाठी पाडले गेले. आता त्याचा थोडासाच भाग शिल्लक आहे. अण्णा त्या उरलेल्या मनोऱ्याखाली बराच वेळ टोपी हातात घेऊन उभे होते.

तिसऱ्या दिवशी सोमवार होता. आम्ही ठरवले की सपाट वाट पुरे झाली, आता पश्चिमेला शारोलच्या बाजूची गुरे पाहून यावी. सामान क्लूनीच्या खोलीवर ठेवले. घरून नेलेली गुळाची चिक्कीही "कशाला उगाच ओझे" म्हणून तिथेच राहिली. न्याहारीला अण्णांनी एक क्रोसाँ खाल्ला, बिनसाखरेची कॉफी घेतली, आणि गोळी नेहमीप्रमाणे घेतली.

वाचकहो, इथे थोडा हिशेब करावा लागेल. समजा टेकडी फक्त ४० मीटर उंच आहे आणि तिचा चढ शंभराला चार, म्हणजे रस्ता एक किलोमीटरचा. तो ताशी आठ किलोमीटरने चढायला साडेसात मिनिटे लागतात. पलीकडे ताशी तीसच्या वेगाने दोन मिनिटांत आपण खाली. वाटते, निम्मा वेळ विश्रांतीच मिळाली. प्रत्यक्षात पाय जवळजवळ सारा वेळ चढतच असतात. अशा बारा टेकड्या झाल्या की ४८० मीटर चढून झाले. एकच मोठा घाट असता तर आपण पायथ्याशी थांबलो असतो, खाल्ले असते, मनाची तयारी केली असती. लाटांना पायथा नसतो, म्हणून थांबायचे सुचत नाही.

गुरे मात्र पाहण्यासारखी. शारोले जातीची, दुधी पांढऱ्या रंगाची, भरदार पुठ्ठ्याची. ही मांसासाठी पाळलेली जात. उन्हाळाभर ती उघड्यावर चरतात, थंडीत गोठ्यात. प्रत्येक कुरणाभोवती झाडाझुडपांचे जिवंत कुंपण, त्याने वाराही अडतो, सावलीही मिळते आणि माती धरून राहते. बरीच वासरे इथे गवतावर वाढवून पुढे पोसण्यासाठी इटलीला विकतात. त्या वर्षी सप्टेंबराचा पहिला पंधरवडा फार तापला होता. गवत पिवळे पडलेले, आणि थंडीसाठी राखलेला वाळका चारा आताच कुरणात टाकलेला दिसत होता.

साडेअकराच्या सुमारास एका गावात पोहोचलो. पावाचे दुकान बंद. फ्रान्सच्या खेड्यांत सोमवारी पुष्कळ दुकाने बंद असतात, आणि उघडी असली तरी दुपारी बारा ते दोन कुलूप. आम्ही म्हटले, पुढच्या गावी पाहू. पुढच्या गावी दुकानच नव्हते. तिसऱ्या टेकडीवर अण्णांचे पुढचे चाक रस्त्यावर नागमोडी जाऊ लागले.

"अण्णा, बरे वाटते ना? थांबू या का?"

"मला काय धाड भरली आहे? तुम्ही व्हा पुढे!"

अण्णांनी आजवर आमच्यावर आवाज चढवलेला नाही. तेव्हाच ओळखायला हवे होते. आम्हाला वाटले, उन्हाने चिडले असतील. पाच मिनिटांनी ते सायकल गवतात टाकून बसले. अंगाला गार घाम, हात थरथरत होते, आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर.

समोर एक शेतघर होते. दार वाजवले तर एक वयस्कर बाई बाहेर आल्या. आमचे फ्रेंच 'नमस्कार' आणि 'आभार' एवढेच. पण 'दियाबेतिक' हा शब्द त्यांना बरोबर कळला. आत जाऊन त्या साखरेच्या वड्यांचा खोकाच घेऊन आल्या. अण्णांनी चार वड्या चघळल्या, पाणी प्यायले. पंधरा मिनिटांनी ते विचारू लागले की आपण कुठल्या गावी आहोत. मग बाईंनी पाव आणि बकरीचे चीज समोर ठेवले. पैसे घेतले नाहीत.

झाले होते ते असे. स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, आणि ही गोळी तुम्ही खाल्ले की नाही हे न पाहता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. उपाय म्हणजे १५ ते २० ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, गरज पडल्यास तेवढेच परत द्यावे, आणि मग पाव-बिस्किट. चॉकलेट देऊ नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता मदत बोलवावी, फ्रान्समध्ये ११२ क्रमांक. श्रमाचा परिणाम रात्रीपर्यंतही टिकतो, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा तपासावे. अशा प्रवासाआधी गोळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे, आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. हे आम्ही विचारले नव्हते.

गंमत अशी की ह्या गोष्टी फ्रान्सच्याच एका माणसाने केव्हाच सांगून ठेवल्या आहेत. सेंत-एतियेनचे पॉल द व्हिवी, टोपणनाव व्हेलोसिओ (१८५३-१९३०). सायकलीला गिअर हवेत असा ह्यांचा आग्रह. पुरुषांच्या शर्यतीत गिअर म्हणजे कमीपणा समजत. चेन सरकवणारे गिअर फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत १९३७ पर्यंत चालत नसत. व्हेलोसिओंचे सांगणे थोडक्यात असे, की भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, आणि केवळ दिमाखासाठी पायडल मारू नये. स्वतः ते शाकाहारी होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दर पाऊण तासाला थांबलो. हलका गिअर लावून पाय भरभर फिरवावेत, गुडघ्यावर जोर देऊ नये. सीटची उंची अशी असावी की टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. पाण्याची एक युक्ती तिथल्या सायकलस्वारांकडून कळली. दुकान बंद असले तरी गावाच्या दफनभूमीत फुलांसाठी नळ असतो. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, तेवढे पाहावे. वाहने उजव्या बाजूने चालतात, आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. हे आमच्या डोक्यात बसायला तीन दिवस लागले.

शेवटी क्लूनीहून माकोंकडे येताना बोई-क्लेरचा बोगदा लागला. हाही जुन्या रेल्वेचाच, दीड किलोमीटरहून थोडा लांब. आत दिवे आहेत आणि भर उन्हाळ्यातही थंडी वाजते. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. तोंडाशी थांबून आम्ही स्वेटर काढले. अण्णांनी खिशातून साखरेची वडी काढून तोंडात टाकली, आणि आमच्यापुढेही दोन धरल्या.

"आम्हाला कशाला, अण्णा?"

"खा. मग विचार."