लाल औषध आणि चरबीचा बुडबुडा

मांजर्लीहून मी पुन्हा तुमच्या इअरफोनमध्ये. लोकलच्या गर्दीत अर्धं ऐकू आलं नाही म्हणणाऱ्यांसाठी हा भाग लिहूनही देतेय.

गेल्या वर्षी मामीची केमो सुरू होती. लाल रंगाची सलाईन बघूनच ती धसकली. घरी आल्यावर लघवीही लाल झाली, तेव्हा तर रात्री मला फोन! तो औषधाचाच रंग असतो, एकदोन दिवसांत जातो. औषधाचं नाव डॉक्सोरुबिसिन. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं, जुनं आणि जोरदार औषध. पण ते हृदयालाही इजा करू शकतं, म्हणून आधी टूडी इको करतात आणि आयुष्यभराच्या एकूण डोसवर मर्यादा ठेवतात.

मग मामाने विचारलं, "ते नॅनोवालं महाग इंजेक्शन जास्त पॉवरफुल असतं ना? तेच घेऊया का? कर्ज काढतो."

आजचा एपिसोड या प्रश्नावर.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम हे शास्त्रज्ञ लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात घालून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघत होते. लेसिथिन म्हणजे आपल्या अंड्याच्या बलकात असतं तेच. पाण्यात त्याचे आपोआप बंद बुडबुडे तयार झाले, आणि त्यांचं आवरण अगदी आपल्या पेशीच्या आवरणासारखं! हेच लायपोसोम. मोदकासारखं समजा: बाहेर चरबीची पारी, आत औषधाचं सारण. १९९५मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिलमध्ये हेच लाल औषध अशा बुडबुड्यात भरलंय. आकार शंभर नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. वर पीईजी नावाचा लेप, म्हणजे शरीराच्या सफाई पेशी त्याला लगेच गिळत नाहीत.

निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, त्यामुळे हृदयाच्या स्नायूंत हा बुडबुडा सहज शिरत नाही. गाठीतल्या वाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, गळक्या. तिथे तो झिरपतो. ऐकायला भारी वाटतं, पण सगळ्या गाठी सारख्या गळक्या नसतात. २०१६मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा आढावा निघाला, त्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचा मध्यक फक्त ०.७ टक्के!

मग फायदा काय? २००४मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ५०९ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधं औषध आणि लायपोसोमवालं, दोघांचा कॅन्सरवरचा परिणाम जवळपास सारखाच. पण हृदयाला होणारी इजा लायपोसोममध्ये बरीच कमी. उलट तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास मात्र जास्त. म्हणजे मामा, पॉवर तीच. गाडी बदलली, म्हणून रस्ता बदलला.

आणि हे काही फक्त परदेशातलं नाही हां. मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स हे याच जातीचं औषध. २०१२मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी ते आपल्याकडून तात्पुरतं मागवलं, आणि २०१३मध्ये सनच्या जेनेरिकला रीतसर मान्यता दिली. अजून जवळचं सांगू? बदलापूरच्या शेजारी, अंबरनाथच्या एमआयडीसीत भारत सीरम्सचा कारखाना आहे. २०२१मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी लोक वणवण फिरत होते, आठवतंय? ते बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या कंपन्यांपैकी ही एक. तिथेही हिशोब तोच. साधं ॲम्फोटेरिसिन किडनीला जड जातं, बुडबुड्यातलं कमी.

आता व्हॉट्सॲपवरच्या 'नॅनो हळद थेंब, कॅन्सर मुळापासून' या फॉरवर्डबद्दल. बुडबुड्यात काय भरलंय आणि ते किती पेशंटवर तपासलंय, हे त्यात कुठेच नसतं. असल्या थेंबांपायी केमो थांबवू नका, प्लीज.

मामाला मी डॉक्टरांना विचारायला दोन प्रश्न लिहून दिले: मामीच्या हृदयाला धोका किती? आणि नॅनोवाल्याने तिचा नक्की कोणता त्रास कमी होईल? डॉक्टर म्हणाले, इको चांगला आहे, डोस मर्यादेत आहे, साधंच चालेल. कर्ज काढावं लागलं नाही.