नवऱ्याने किंवा बायकोने नवी स्कीम आणली? भांडण नको, आधी हे तपासा

कल्याण : "वर्षभर थांब, मग सगळं फिटेल." हे वाक्य आपल्याकडे बऱ्याच घरांत ऐकू येतं. कधी नवरा स्कीम आणतो, कधी बायको. साबण-पावडरची चेन असते, सोन्याची भिशी असते, नाहीतर कोंबड्यांचा शेड. आणणाऱ्याची नियत वाईट नसते. शेतीत भागत नाही, पोरांच्या फीया आहेत, म्हणून माणूस आशेने जातो. पण पैसा बुडाला तर तो एकट्याचा बुडत नाही, घराचा बुडतो.

समृद्धी महामार्गासाठी शहापूर, भिवंडी, कल्याण तालुक्यांत जमिनी गेल्या आणि मोबदला खात्यात आला. असा पैसा हातात असला की स्कीम सांगणारा दारात येतोच.

आपल्या भागात काय घडलं?

ऑक्टोबर २०१९, ऐन दिवाळी. गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली, ठाण्यातली दुकानं बंद झाली. अनेकांनी महिन्याला हप्ता भरून सोनं घेण्याच्या योजनेत पैसे टाकले होते. मुदत ठेवीवर १६ टक्के व्याज सांगितल्याच्या तक्रारी होत्या. गुन्हे दाखल झाले, मालकांना अटक झाली.

त्यानंतर टोरेस. दादरसोबत कल्याणलाही त्यांचं दुकान होतं. खडे, दागिने घ्या आणि आठवड्याला ६ टक्क्यांपर्यंत परतावा मिळवा, असा बोलबाला झाला. हप्ते थांबले, जानेवारी २०२५ मध्ये दुकानांपुढे गर्दी झाली आणि गुन्हा दाखल झाला.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रोचं कडकनाथ प्रकरण २०१९ चं. कंपनीच पिल्लं देणार, अंडी-पक्षीही कंपनीच घेणार. कंपनीने खरेदी थांबवली आणि शेतकऱ्याच्या शेडमध्ये पक्षी तसेच राहिले.

घरात विचारायचे तीन प्रश्न

१) पैसा येतो कुठून? आठवड्याला ६ टक्के म्हणजे ५२ आठवड्यांत ३१२ टक्के. एक लाखाचे वर्षात तीन लाख बारा हजार. ठेवी घेणाऱ्या वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने वर्षाला १२.५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मग दुकानदार एवढं कुठून देतो? नव्या माणसाच्या पैशातून जुन्याला. नवे थांबले की हप्ता थांबतो.

२) खरा गिऱ्हाईक कोण? माल बाजारात विकला जात नसेल, फक्त कंपनीच परत घेणार असेल, तर तो धंदा कंपनी असेपर्यंतच.

३) माणसं जोडायला सांगतात का? माल विकून नाही, तर माणूस आणून कमिशन मिळत असेल तर सावध राहा. १९७८ च्या कायद्याने अशा साखळी योजनांवर बंदी आहे. चालवणं तर गुन्हा आहेच, सभासद होणं आणि त्यासाठी पैसे भरणंही गुन्ह्यात येतं. म्हणजे ज्याने मेहुणा, मावशी, शेजारी आणले, तो नात्यातूनही जातो आणि कायद्यातही अडकू शकतो.

घराची हद्द आधीच ठरवा

"तुला काही कळत नाही" किंवा "तुमचं नेहमीचंच" असं म्हटलं की समोरचा लपवून पैसे भरतो. त्यापेक्षा बुडाले तरी चूल पेटेल एवढी रक्कम दोघांनी मिळून ठरवा. फी, दवाखाना, बियाणं-खत आणि बचत गटाचा हप्ता यांना हात लावायचा नाही.

सही करताना थांबा. फक्त नवरा-बायको आहेत म्हणून एकाचं कर्ज दुसऱ्यावर येत नाही. पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली, की बँक तुमच्याकडून पूर्ण वसुली करू शकते.

दागिन्यांचंही तसंच. स्त्रीधन बायकोचं असतं. एप्रिल २०२४ मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नवरा अडचणीत ते वापरू शकतो, पण परत करणं त्याची जबाबदारी आहे. त्या बाईंना २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला.

जमीन एकट्याच्या नावावर असेल तर ती गहाण टाकताना जोडीदाराची सही लागेलच असं नाही. सातबारा अधूनमधून ऑनलाइन काढा आणि इतर हक्कात बोजा चढला आहे का ते बघा.

पैसे भरण्याआधी आणि अडकल्यावर

ठेव घेणाऱ्या कंपनीला परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघता येतं, तक्रारही तिथे करता येते. चिट फंड असेल तर नोंदणी विचारा.

पैसे अडकलेच तर पावत्या, पासबुक, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा आर्थिक गुन्हे शाखेत लवकर तक्रार द्या. ठेवीदारांसाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. त्यात मालमत्ता जप्त करून, विकून ठेवीदारांना वाटता येते. वेळ लागतो, पण तक्रारच नसेल तर यादीत नाव कसं येणार? पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

बरेच जण लाजेने तक्रार देत नाहीत. घरचेच टोमणे मारतील याची भीती असते. अशा वेळी जोडीदाराने सोबत पोलीस ठाण्यात जावं. हिशेब नंतर घरी बसून करता येतो.