पाण्याखालची रोवणी

पहाटे साडेचार

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात जुलै उजाडला की बायकांची झोप आपोआप कमी होते. बांधीतले पऱ्हे, म्हणजे भाताची कोवळी रोपं, वीतभर झालेले असतात. आज ना उद्या रोवणीचं बोलावणं येणार, आणि एकदा ते आलं की पुढचे काही आठवडे कंबर वाकलेलीच. वर्षातली बरीचशी रोख मजुरी याच दिवसांत हाती पडते. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, टोलीतल्या बायकांच्या गटानं म्हणूनच तळ्याचं काम रोवणीच्या आधी उरकायचं ठरवलं आहे. गटाच्या अध्यक्षबाईंना सगळी टोली काकी म्हणते. आपणही काकीच म्हणू.

काकींची चूल पेटली आहे. भात, काल रानातून आणलेल्या वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी आणि सुक्या मासोळीची चटणी, अशी शिदोरी डब्यात जाते. ताजी मासोळी घरात नाही. मासेमारांच्या घरात ऐन पावसाळ्यात सुकी मासोळी का, हे तासाभरात कळतं.

साडेपाच

काकींचे यजमान रात्रपाळी करून परततात. पाळी कारखान्याची नाही, सलंगीची. तळं भरल्यावर जास्तीचं पाणी ज्या सांडीवरून बाहेर पडतं तिला इकडे सलंग म्हणतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी वाहू लागलं की मासे प्रवाहाच्या उलट चढतात. ओढ्यातून, नाल्यातून, भरलेल्या बांध्यांतून उथळ पाण्याकडे जातात आणि तिथं अंडी घालतात. हे चढणीचे मासे अंड्यांनी जड झालेले असतात, पळून जायचं त्यांना सुचत नाही. मच्छरदाणी आडवी लावली तरी घमेलंभर सापडतात. एका रात्रीच्या त्या घमेल्यात पुढच्या वर्षाची मासोळी संपते. म्हणून मच्छीमार सोसायटीनं या दिवसांत स्वतःची जाळी वर टांगली आहेत, डोंगे काठावर पालथे घातले आहेत, आणि दोघा-दोघांनी सलंगीवर रात्रीचा पहारा धरला आहे.

पहाऱ्याचे पैसे कोणी देत नाही. जाळं बंद म्हणजे कमाईही बंद. निसर्गरक्षणाच्या गोष्टी सांगताना हा हिशेब गाळायची आपल्याकडे पद्धत आहे. तो गाळला की गोष्ट गोड होते, पण खोटी होते.

रात्री दोन पोरं आली होती, यजमान सांगतात. समजावलं, परत गेली. कोणाची पोरं, ते सांगत नाहीत.

सात

टोलीपासून तळ्यापर्यंत पारेवरून जायचं. पार म्हणजे तळ्याचा मातीचा बांध. या पारेवर मोहाची, जांभळीची जुनी झाडं आहेत. चालता चालता थोडा इतिहास सांगून टाकतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी, म्हणजे एकेकाळी मालगुजार जमीनदारांच्या मालकीचे, तलाव आहेत. त्यातले बरेचसे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधले. तळं बांधणाऱ्याला त्या पाण्यानं भिजणारी जमीन मिळे, असं सांगतात. नवेगावबांधचा मोठा जलाशय याच परंपरेतला. मारुती चितमपल्लींच्या लेखनातून तो मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. बांधणारे कोहळी, पाण्यातलं जाणणारे ढिवर, पाण्यावर पिकवणारे शेतकरी, अशी वाटणी होती. ती समतेची होती असं कोणी समजू नये. मालगुजार तो मालगुजारच. पण गाळ कधी काढायचा, पाणी कधी सोडायचं, पारेची डागडुजी कोणी करायची हे ठरलेलं होतं.

1950च्या कायद्यानं मालकी हक्क गेले आणि 1951पासून तलाव सरकारचे झाले. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं. मात्र तिच्याबरोबर देखभालीची रीतही गेली, आणि तिच्या जागी दुसरी रीत आली नाही. आज असे तलाव बहुतेक जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहेत. मासेमारी सोसायटीकडे ठेक्यानं, सिंचन एका खात्याकडे, आणि तळ्याचा काठ कोणाकडेच नाही. सगळी कहाणी त्या काठाची आहे.

आठ

काठावर पंधरा-वीस बायका जमल्या आहेत. पातळं गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला फडकी. समोर हिरवीगार भिंत. फिकट जांभळी फुलं दिसायला छान. हे बेशरम नावाचं झुडूप. मूळची अमेरिका खंडातली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, पाण्यात वाढते, कोरड्यातही वाढते, आणि तोडलेली कांडी चिखलात पडली तरी तिला मुळं फुटतात. नाव लोकांनी दिलं आहे, आणि ते चपखल आहे. एकदा काठ तिनं धरला की तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही.

मोठा भाग उन्हाळ्यात, तळ्याचं पाणी मागे हटलेलं असताना उपटून झाला. तेव्हा जमीन कडक असते, पण उपटलेली बेशरम उन्हात वाळून मरते. आता उरलीसुरली काढायची. एक नवी सून विळ्यानं सपासप कापायला लागते, तशा काकी ओरडतात, "तोडू नोको वं, मुरासकट काढा लागते! तोडली का दुप्पट होते." मग दोघी-तिघी मिळून एकेक बुंधा हलवून हलवून ओढतात. ओढलेला ढीग पारेच्या पलीकडे, पाण्यापासून लांब.

नऊ

आता रोपं. काल संध्याकाळी शेजारच्या गावच्या तळ्यातून आणलेली, रात्रभर ओल्या पोत्यांत गुंडाळून झाडाखाली ठेवलेली. गाद: पान नसलेल्या पोकळ हिरव्या काड्यांची, खाली छोटे कंद. चौरा: पाण्यावर पसरणारी गोल पानं आणि झालरीची पांढरी फुलं. चिला: पाण्यात बुडूनच वाढणारा. शिवाय देवधान, म्हणजे जंगली भात. नांगर न लागता उगवतो म्हणून उपासाला चालतो आणि पाखरांनाही आवडतो.

या वनस्पतींची निवड कोणत्या विद्यापीठात झाली नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी या भागात बरीच वर्षं काम करत आहेत. मासे का कमी झाले, हे त्यांनी ढिवरांनाच विचारलं. पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जुन्या जाणत्या मासेमारांनी जे सांगितलं ते वरकरणी साधं होतं: मासोळीचं घर गेलं. कोणत्या झाडाच्या मुळांशी कोणता मासा अंडी चिकटवतो, कोणत्या पानाखाली पिल्लं लपतात, कोणत्या गवतातले किडे कोण खातो, हे त्यांना एकेक करून माहीत होतं. तळ्यात पुन्हा घर उभं करायचं तर त्याचं बांधकाम साहित्य हेच. कामाची पद्धत त्यातून आली. आधी बेशरम काढायची, तळ उन्हाळ्यात नांगरून भुसभुशीत करायचा, आणि पाऊस पडून घोटाभर, गुडघाभर पाणी झालं की स्थानिक पाणवनस्पती लावायच्या.

लावायची रीत बघण्यासारखी आहे. गादीचा कंद ओल्या मातीच्या गोळ्यात दाबायचा, गोळा पाण्याखाली चिखलात बसवायचा आणि टाचेनं हलकेच दाबायचा. पाणी गढूळ असल्यानं डोळ्यांचा उपयोग नाही, सगळं पायांना कळलं पाहिजे. ओळीनं, मागे सरत सरत. हात भाताच्या रोवणीचेच आहेत, त्यामुळे शिकवावं लागत नाही. उथळ पट्ट्यात देवधान आणि गाद, त्यापुढे चौरा, आणखी खोल चिला. उताराप्रमाणे एकेकीची जागा ठरलेली. हा उतार ध्यानात ठेवा, दुपारी त्याच्यावरून वाद होणार आहे.

"रोहू-कटला तर तुम्ही बाजारातून सोडता ना?" मी विचारतो.

"सोडतो ना. बोटुकली आनतो, मोठी करतो, इकतो," एक जण पाण्यातूनच उत्तर देते. "ते आनलं तर हाये, नाही आनलं तर नाही. हे आपली मासोरी इथंच होते."

मत्स्यशास्त्र तिच्या बाजूनं आहे. रोहू, कटला, मृगळ या वाहत्या नदीच्या मासोळ्या, तळ्याच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. बीज दर वर्षी विकत आणावं लागतं. मरळ, मांगूर, शिंगी या तळ्यातच वाढतात. त्या हवेतला श्वासही घेऊ शकतात, म्हणून उन्हाळ्यात चिखल उरला तरी तगतात. मरळीची जोडी तर पिल्लांची राखण करते. मत्स्योत्पादन वाढावं म्हणून कधीकाळी काही तळ्यांत गवत्या मासा सोडला गेला. तो नावाप्रमाणे वागला, पाणवनस्पती फस्त करत गेला. सायप्रिनस हा दुसरा मासा तळ उकरतो आणि रोपं उपटतो. तळ्यात काय सोडायचं नाही हे ठरवणं, काय सोडायचं हे ठरवण्याइतकंच मोठं काम आहे. या सोसायटीनं त्या दोघांनाही नकार दिला आहे.

साडेबारा

मोहाच्या झाडाखाली डबे उघडतात. वाद इथंच पेटतो. कोणीतरी सांगतं की पलीकडच्या गावात तळ्यात जेसीबी उतरला होता, मे महिन्यात, चांगला आठवडाभर. तिथली माणसं खूश होती, गाळ फुकट शेतात गेला. राज्यात 2017पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे, आणि गाळ शेताला चांगलाच. मग हरकत काय?

हरकत काकी काटकीनं जमिनीवर काढून दाखवतात. एक लांब, बशीसारखा उतार. ही तळ्याची मूळ रचना. पाणी जसं ओसरतं तसा काठ सरकत जातो, आणि प्रत्येक खोलीला वेगळी वनस्पती, वेगळी मासोळी, वेगळं पाखरू मिळतं. शेजारी दुसरं चित्र: उभ्या कडेचा चौकोनी खड्डा. जेसीबीनं तळं असं होतं. पाणी जास्त साठतं हे खरं. पण उथळ काठच राहिला नाही तर रोप कुठं धरणार आणि मासा अंडी कुठं घालणार?

"टाकी झाली ते," काकी म्हणतात. "तरा नाही रायला."

माझं मत काकींच्या बाजूचं आहे. गाळ काढायचा नाही असं कोणी म्हणत नाही. कुठला, किती आणि कोणत्या उतारानं, हे विचारायचं आहे. कंत्राटात घनमीटर लिहिलेले असतात, उतार लिहिलेला नसतो. खोदलेल्या मातीचं माप घेता येतं आणि त्यावर बिल निघतं. पाण्याखाली टाचेनं दाबलेल्या कंदाचं माप कोणत्या पुस्तकात चढवायचं, हे मात्र कुठल्याच कार्यालयाला उलगडलेलं नाही.

दोन

गेल्या वर्षी लावलेल्या पट्ट्याकडे. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं आहे, कारण कोवळी गाद म्हशींना गोड लागते. कुंपण एका जागी मोडलंय. म्हशी कोणाच्या, यावर पाच मिनिटं कडाक्याचं भांडण, मग दोघी काटे आणायला निघतात.

आत चौऱ्याच्या पानांवरून एक कमळपक्षी लांब बोटं टाकत चालला आहे. तरंगत्या पानांवरच त्याचं घरटं असतं आणि अंडी नर उबवतो. यावर बायकांची शेरेबाजी होते, ती इथं छापण्यासारखी नाही. पलीकडे अडईंचा थवा. सारस या तळ्यावर दिसत नाहीत, पण गोंदियात त्यांची अजून वीण होते. महाराष्ट्रात त्यांचा खरा आसरा हाच जिल्हा. घरटी तळ्याकाठी किंवा थेट भाताच्या बांधीत असतात, त्यामुळे सारस वाचले ते शेतकऱ्यांनी अंड्यांना हात न लावल्यामुळे. अभयारण्याच्या हद्दी पाखरांना ठाऊक नसतात.

एक मुलगी हातजाळीनं पाणी चाळते, मिळालेली पिल्लं घमेल्यात टाकते, ओळखते, वहीत नाव लिहिते आणि परत सोडते. ती बारावी झाली आहे. काही नावं आजीनं सांगितलेली, काही पुस्तकातली. दोन्हींचं जमलं नाही की आजीचं नाव आधी लिहिते.

चार

पाऊस. अर्धा तास सगळं थांबतं, मग पुन्हा पाण्यात. शेवटची पोती संपवायची आहेत, उद्यापर्यंत कंद कुजतील.

साडेसहा

काकींच्या अंगणात गटाची बैठक. आज कोण होतं, कोण नव्हतं, ते वहीत. मग खरा विषय: उद्यापासून दोन शेतकऱ्यांनी रोवणीला बोलावलं आहे. तळ्याचा एक पट्टा बाकी आहे. रोवणी सोडता येत नाही, ती रोख मजुरी आहे. ठरतं असं: निम्म्या बायका रोवणीला, निम्म्या सकाळी दहापर्यंत तळ्यावर, मग बांधीत.

दुसरा विषय जुना आहे. सोसायटीत सभासद बहुतेक पुरुष. तळ्याची बेशरम बायका काढतात, रोपं बायका लावतात, मासोळी डोक्यावर घेऊन गावोगाव विकतातही बायकाच. ठेक्याच्या कागदावर त्यांची सही कुठंच नाही. वनहक्क कायदा 2006 पाणवठ्यांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क मान्य करतो, पण तो वनहद्दीतल्या तळ्यांना लागू होतो. हे तळं त्यात येत नाही. काकींना सभासदत्व हवं आहे आणि येत्या सभेत त्या अर्ज मांडणार आहेत. यजमान शेजारी बसून ऐकत आहेत. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

आठला सलंगीवरचा पहारा बदलतो.

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गावच्या तळ्यात गाळ काढायला यंत्र उतरणार असेल, तर काम सुरू होण्याआधी दोन प्रश्न विचारा: काठाचा उतार किती ठेवणार, आणि उथळ पट्टा कुठं सोडणार. उत्तर मिळेपर्यंत यंत्र काठावरच थांबू द्या. आणि हे विचारायला जाताना गावातल्या मासेमार बायकांना बरोबर घ्या. उताराचं आणि रोपांचं काय करायचं ते त्या सांगतील.