वऱ्हाडांतील गांवोगांवचे आरोग्यसेवक

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हणून आपण सनदा, महजर, कैफियती व वतनाचे कागद आस्थेनें जमवितों. वैद्यांच्या घरचीं मोडी बाडेंही, त्यांत काढ्यांचे पाठ असल्यामुळें, कधीं कधीं आपल्या दप्तरांत येतात. परंतु खेड्यांत रोग्याच्या उशाशीं प्रत्यक्ष कोण जाई, त्यास ती विद्या कोण शिकवी आणि त्याचें पोट कशावर चाले, ह्या प्रश्नाकडे संशोधकांचें लक्ष थोडेंच गेलें आहे. अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांपुरता त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

१८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें व १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडलें गेलें. त्यामुळें १९१४ सालीं नागपुरास रॉबर्टसन वैद्यकीय शाळा निघाली, ती वऱ्हाडासही उपयोगी पडली. ही शाळा पदवी देत नसे. आखूड अभ्यासक्रमाचे परवानाधारक डॉक्टर तयार करी. भोर समितीनें १९४६ च्या अहवालांत सर्व डॉक्टरांचें शिक्षण एकाच पदवीच्या दर्जाचें असावें असें सुचविलें. कांहीं सभासदांनीं मात्र, देशांत डॉक्टरांची इतकी वाण असतां हा वर्ग बंद करूं नये, असें भिन्न मत नोंदविलें. १९४७ सालीं नागपूरची शाळा महाविद्यालय झाली. शिक्षणाचा दर्जा वाढला हें निर्विवाद; तरी खेड्याच्या दृष्टीनें पाहतां भिन्नमतवाद्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें, असें मला वाटतें. पुढें अमरावतीस १९८४ सालीं डॉ. पंजाबराव देशमुख स्मारक वैद्यकीय महाविद्यालय व अकोल्यास २००२ सालीं शासकीय महाविद्यालय निघालें. परंतु डोंगरांतला प्रश्न डोंगरांतच राहिला.

हा डोंगर म्हणजे मेळघाट. अमरावती जिल्ह्यांतील धारणी व चिखलदरा हे दोन तालुके. येथील कोरकू लोकांची भाषा मुंडा कुळांतली असून मराठीशीं तिचें कांहीं नातें नाहीं. नागपूर-अमरावतीकडून नेमून आलेल्या डॉक्टरास रोग्याचें दुखणें दुभाष्याच्या तोंडून ऐकावें लागे. भूमका मात्र घरचा, भाषेचा व विश्वासाचा. तो मुलाच्या पोटावर डाग देई हें खरें, आणि त्यापासून अपाय होई हेंही खरें. पण रात्रीं हांक मारल्यास येणारा तोच. अलीकडे भूमकांसच शिकवून रोगी दवाखान्याकडे पाठविण्यास लावण्याचे प्रयत्न झाले, ते ह्याच कारणास्तव.

बाहेरून येऊन टिकलेलीं माणसें नाहींत असें नव्हे. बैरागड येथें डॉ. रवींद्र कोल्हे व डॉ. स्मिता कोल्हे ह्यांनीं दोन रुपये फी घेऊन दवाखाना चालविला. २०१९ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पण असा निश्चय भरतीच्या नियमांनीं उत्पन्न होत नाहीं.

म्हणून गांवचेंच माणूस शिकवावें, हा विचार पुढें आला. २ ऑक्टोबर १९७७ पासून सुरू झालेल्या योजनेंत हजार वस्तीमागें एक आरोग्यरक्षक, तीन महिन्यांचें शिक्षण व दरमहा पन्नास रुपये अशी व्यवस्था होती. निवड बहुधा पुरुषांची, आणि तीही गांवच्या वजनदारांच्या मर्जीनें होई. बाळंतिणीच्या खोलींत असा रक्षक काय करणार? २००५ सालीं आलेल्या आशा योजनेनें ही चूक सुधारली. त्याच गांवीं राहणारी, शक्यतों आठवी शिकलेली स्त्री निवडावी आणि आदिवासी भागांत हजार वस्तीचा आग्रह न धरतां पाड्यापाड्यास एक नेमावी, असें ठरलें. त्यामागें गडचिरोलीचा अनुभव होता. तेथें शिकविलेल्या ग्रामस्त्रियांनीं घरोघर जाऊन नवजात अर्भकांची शुश्रूषा केली, तेव्हां नवजात अर्भकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटल्याचें डॉ. अभय व राणी बंग ह्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. मेळघाटांत डॉ. आशिष सातव ह्यांच्या 'महान' संस्थेनेंही ग्रामस्त्रियांसच हें काम शिकविलें.

आतां आपल्या कामाची गोष्ट. ह्या स्त्रिया जन्म, मृत्यु, ताप, वजन ह्यांच्या नोंदी वह्यांत ठेवतात. कोणत्या पाड्यांत कोणत्या महिन्यांत किती मुलें दगावलीं, हें सरकारी गोषवाऱ्यांत नाहीं इतकें बारकाईनें ह्या वह्यांत सांपडेल. वह्या भरल्या कीं त्या रद्दींत जातात. धारणी-चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या संग्राहकांनीं, त्या स्त्रियांची व कार्यालयाची परवानगी घेऊन, रोग्यांचीं नांवें झांकून ह्या वह्यांच्या नकला कराव्या, आणि त्या वैद्यांच्या बाडांशेजारींच ठेवाव्या.