सूर्यावरचे डाग आणि अवकाशातले हवामान

मे २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात इंदूरला आमच्या गच्चीवरून, ग्रहणासाठी घेऊन ठेवलेल्या चष्म्यातून, मी सूर्यावरचा डाग पाहिला. डागांचा तो समूह पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे १५ पट रुंद होता, म्हणूनच दुर्बिणीवाचून दिसला. साहित्य शिकवणाऱ्याचे लक्ष आधी शब्दाकडे जाते. ‘डाग’ म्हटले की काहीतरी करपले असे वाटते. प्रत्यक्षात सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर डागाचा गाभा त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड, आणि केवळ तुलनेने काळा. तिथले चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते की खालून वर येणारी उष्णता अडते. मला ‘गाठ’ हा शब्द अधिक बरोबर वाटतो.

कारण भाकीत करणारे पाहतात तो गुंताच. दोन ध्रुवांचा साधा समूह बहुधा शांत राहतो. विरुद्ध ध्रुव एकमेकांत मिसळलेले असले, तर ज्वाला उसळण्याची शक्यता वाढते आणि कधी अब्जावधी टन विद्युतभारित वायूचा ढग अवकाशात फेकला जातो. ज्वालेचा प्रकाश ८ मिनिटांत येतो. ढगाला बहुधा १ ते ३ दिवस लागतात.

एवढा अवधी असूनही अंदाज चुकतो. ढगातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाऊन मोठे वादळ होते. उत्तराभिमुख असेल तर जोर बराच ओसरतो. ही दिशा सूर्याकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील यानांपाशी ढग पोहोचला की ती कळते. आपले आदित्य-एल१ जानेवारी २०२४पासून तिथेच आहे. मग हाती उरतो तासभर किंवा त्याहूनही कमी वेळ. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था अवघ्या दीड मिनिटात कोसळली आणि सुमारे ६० लाख लोक ९ तास अंधारात राहिले.

असली याने नव्हती तेव्हाची एक नोंद मुंबईची आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये डागांचे चित्र काढताना रिचर्ड कॅरिंग्टन यांना डागांवर पांढरा लखलखाट दिसला. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळले, आणि कुलाबा वेधशाळेत हाताने घेतलेल्या वाचनांत सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण उतरली. त्या वादळाची तीव्रता ठरवताना शास्त्रज्ञ आजही याच आकड्यांकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर ही चुंबकीय उपकरणे अलिबागला हलवावी लागली.

२०२४च्या त्या समूहाने १० मेच्या रात्री लडाखमधील हानलेचे आकाश लाल केले. इंदूरला अर्थात काहीच दिसले नाही. १४ मेपर्यंत तो पश्चिम कडेला पोहोचला. सूर्याची फेरी आपल्याला सुमारे २७ दिवसांची दिसते, म्हणून चष्मा मी कपाटात ठेवला नाही. महिनाअखेर तोच समूह पूर्व कडेवर पुन्हा उगवला, नव्या क्रमांकाने.