गुण कमी म्हणजे धोका कमी?

कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आणि मध्यवर्ती रुग्णालय आहे. रेल्वेच्या लांबच्या विभागातून इथे ‘रेफर’ झालेल्या रुग्णाचे काही तास वाटेतच जातात. त्वचेखालचे थर झपाट्याने सडवणाऱ्या नेक्रोटायझिंग फॅसायटिसमध्ये हेच तास महागात पडतात. या संसर्गाला गुण देण्याच्या पद्धतींभोवती मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: ‘लरिनेक’ या रक्तचाचण्यांच्या तक्त्यातल्या गुणांवरून रुग्ण वाचेल की नाही ते कळते.
वस्तुस्थिती: सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये हा तक्ता मांडला तो निदानासाठी. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन), पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन आणि साखर यांचे मिळून जास्तीत जास्त १३ गुण होतात. ६ झाले की संशय घ्यायचा. मृत्यूचा अंदाज बांधायला तो पुढे वापरला जाऊ लागला. पण त्यात रक्तदाब, श्वास, वय, शुद्ध यांतले काहीच मोजलेले नाही.

गैरसमज: ६ च्या खाली असलो की सुटलो.
वस्तुस्थिती: अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये झालेल्या विश्लेषणात ६ गुणांच्या कसोटीला सुमारे ६८ टक्के रुग्णच सापडले. म्हणजे साधारण तिघांतला एक निसटला. समजा, सीआरपी १६० (४ गुण), पांढऱ्या पेशी १६,००० (१), हिमोग्लोबिन १२ (१) आणि बाकी सारे ठीक, तर बेरीज ६. सीआरपी १४५ आला, की तोच रुग्ण थेट २ वर!

गैरसमज: जांघ-गुप्तांगातल्या याच संसर्गात, म्हणजे फोर्निए गँगरीनमध्ये, ९ च्या वर गुण गेले की आशा संपली.
वस्तुस्थिती: हे गुण ‘लरिनेक’चे नव्हेत, फोर्निएसाठीच्या वेगळ्या निर्देशांकाचे. ताप, नाडी, श्वास आणि रक्तचाचण्या अशा नऊ नोंदींवरचा हा निर्देशांक १९९५ चा. ९ च्या वर मृत्यूची शक्यता ७५ टक्के, हा आकडा अवघ्या ३० रुग्णांवरून निघाला. तो गटाचा हिशेब आहे, समोरच्या रुग्णाचा निकाल नव्हे.

गैरसमज: आधी गुण, मग ऑपरेशन.
वस्तुस्थिती: खात्री सर्जनच्या छेदातून होते. आतला थर करडा दिसतो, बोट अडथळ्याशिवाय सरकते, पातळ गढूळ पाणी येते. मेलेला भाग लवकर काढणे आणि अँटिबायोटिक्स हाच उपचार. गुणांचा उपयोग आयसीयूची सोय करायला, नातेवाइकांना कल्पना द्यायला आणि पुन्हा मोजून बदल पाहायला.

सूज दिसते त्या मानाने वेदना फार असतील, लाली तासातासाला पसरत असेल, कातडी जांभळी पडून फोड येत असतील, तर रिपोर्टची वाट पाहत बसू नका. सर्जन असलेले रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर अधिकच घाईने.